पट्टी

एकतीस वर्षे खिडकीआड बसून मी पावत्या फाडतो आहे.
घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, सोपो.
डिचोलीतले घर मला आधी रकमेने आठवते,
माणसे मागाहून.

नदीकाठचा बंगला, आठ खोल्या, बारमाही कुलूप:
वहीत अजून ‘कौलारू, जुने’. बत्तीस रुपये.
मंजुळा गावसने ओटीवर शिवणयंत्र मांडले म्हणून
‘व्यापारी जागा’. अकराशे चाळीस.
ते ‘व्यापारी’ माझ्याच हातचे आहे.
अक्षर माझे चांगले, सगळे म्हणतात.

पहिल्यांदा खिडकीशी आली
तेव्हा मोजपट्टी गळ्यात तशीच होती.
पैसे भरले, सुटे मोजून घेतले, मग म्हणाली,
“भाऊ, मी आधी माप घेते आणि मग कापते.
तुम्ही माप न घेताच शिवता,
आणि काचले की म्हणता, अंग सुटले.”

मी पुढचा नंबर पुकारला.

बसस्टँडवरचे कारंजे आम्ही तीनदा बांधले.
बिले माझ्याच टेबलावरून गेली:
फरशी, निळी.
निळी फरशी काढणे.
फरशी, हिरवी.
उद्घाटनाला ते नऊ मिनिटे उडाले.
आता आत बेडूक राहतात, बिनपट्टीचे.

मग ती उभी राहिली. अपक्ष. निशाणी शिलाई मशीन.
तिठ्यावर लोक विचारत, ही खंयची?
घाटावरची. खानापूरची. भायली.
चोर्ल्याचा घाट उतरून तिला अठ्ठावीस वर्षे झाली,
दोन्ही मुलगे इथल्याच इस्पितळात जन्मले,
तरी प्रत्येक वेळी
ती नुकतीच बसमधून उतरल्यासारखी.

पत्रके नव्हती तिच्याकडे.
जुन्या वर्तमानपत्रातून कापलेले नमुने घेऊन घरोघर फिरली,
त्यांवर निळ्या खडूने पालिकेचा खर्च.
पाठीवर पगार, बाहीवर गटारे,
आणि गळ्यावर, एवढ्याशा गळ्यावर, कारंजे.
“कापड आहे ते एवढेच,” म्हणायची,
“शिगमोच्या चित्ररथाला झालर लावलीत
तर पोराची चड्डी आखूडच होणार.”

सतरा मतांनी आली.
मी कुणाला काही बोललो नाही.
जेवताना बायको म्हणाली, ब्लाऊज बरे शिवते ती.
मी म्हटले, हो.
आणि आम्ही आमटी वाढून घेतली.

नगराध्यक्षपदालाही तिने अर्ज भरला, तेव्हा सभागृहात हसू झाले.
सूचक म्हणून सही करणारे फातर्पेकर
नेमके त्या सकाळी तापाने पडले.
उरले तेरा.
मला मत नव्हते. मला फक्त हात मोजायचे होते.

त्यांच्यासाठी बारा. काही हात घड्याळ्यांसकट.
मग तिचे नाव पुकारले.
तिने आपला एकटीचा हात वर केला,
सरळ, कोपरात न वाकवता,
बाहीचे माप देताना धरतात तसा,
आणि मी लिहीपर्यंत खाली घेतला नाही.

मी लिहिले: १. अक्षरी एक.
पेन उचलले तेव्हा माझाही हात
टेबलापासून थोडा वरच राहिला.
वर पंखा फिरत होता. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

काल रविवार. बाजारातून येताना पाहिले,
नदीकाठच्या बंगल्याच्या गडग्याशी ती वाकलेली,
मोजपट्टीचे एक टोक दगडाखाली दाबायचा प्रयत्न चाललेला.
वारा होता. दगड लहान होता.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.
दुसरे टोक हातात घेतले.
“ताणून धरा,” ती म्हणाली, मान वर न करता,
“ढिले सोडले की सरकारी माप येते.”

दीड मीटरची पट्टी,
आणि गडगा पार नदीपर्यंत.